चूक कुणाची

"अपघात झाला तर चूक कुणाची ते कळायला हवं," म्हणून मी गाडीसाठी डॅशकॅम आणला. तो लावायचा कुठे, यावर दोन तास खल झाला. बायको म्हणे डॅशबोर्डवर, मी म्हणे आरशामागे, आणि आयुष्यभर सुतारकाम केलेले सासरे टेप लावून काचेचा मध्य काढत बसले. शेवटी बायकोनं कॅमेरा सुरू करून माझ्या हातात दिला आणि मी दोन सीटांमधून पुढे वाकून तो आरशामागे घट्ट चिकटवला.

लांबून कसा दिसतो ते बघायला तिघंही गाडीपुढे जाऊन उभे राहिलो. टाळ्याही वाजवल्या. तेवढ्यात गाडी उतारावरून थेट आमच्याकडेच निघाली! आम्ही बाजूला उड्या मारल्या आणि गेट आडवं झालं.

"हँडब्रेक काढला कुणी?" मी कडाडलो. "बाबा, तुम्हीच टेप घेऊन आत लुडबुडत होतात!"

"जावईबापू, कॅमेरा आहे की," सासरे म्हणाले.

मी ऐटीत फोनवर रेकॉर्डिंग लावलं.



पहिल्याच मिनिटाला माझा आवाज आला, "हा दांडा पोटात टोचतोय गं, जरा खाली करतो."