ज्वारीची राखण

"आई, उतरा आता," सून रेवा खालून म्हणाली. "सकाळपासून एक पाखरू आलेलं नाही. बरंच आहे की!"

"बरं कसलं?" कोमलआजी मचाणावरून गुरकावल्या. "लहानपणी पाखरं हाकलून हाकलून माझा घसा बसायचा."

पुढे हवेतला कार्बन शोषून घ्यायला तालुकाभर शेतांत झाडं लावली गेली आणि ज्वारी संपली. आता तेच काम यंत्रं करू लागली, तेव्हा झाडं तोडून शेतं मोकळी केली गेली. आजींनी हट्टाने ज्वारीच पेरायला लावली. कणसं हुरड्यात आली होती.

"पाखरांच्या किती पिढ्या दाण्याविना गेल्या," आजी म्हणाल्या. "इथं पुन्हा ज्वारी आलीय, हे त्यांना सांगणार कोण?"

तेवढ्यात बांधावरून एक चिमणी आली आणि समोरच्या कणसावर बसली. कणीस जरासं डोललं. आजींच्या हाताने आपोआप गोफणीत खडा भरला. जुनी आरोळी घशापर्यंत आली. ती त्यांनी गिळली आणि गोफण अलगद मांडीवर ठेवली.

"आई, अहो, ती बघा चिमणी!" रेवा ओरडली.

"हळू बोल गं," आजी कुजबुजल्या. "भरल्या ताटावरून कुणाला उठवू नये."