चांदीचा थर

डॉक्टर सत्यजीतनी दमयंतीच्या पायावरची चादर बाजूला केली, तसे शिकाऊ डॉक्टरांपैकी दोघींनी नाकाला रुमाल लावले.

"या दोघी जावा. उरणच्या. मासळीच्या टेम्पोत बसल्या होत्या, तो पळस्प्याला उलटला. दोघींच्या मांडीचं हाड मोडलं, एकाच दिवशी आपण दोघींना रॉड घातला. हिच्या रॉडवर चांदीचा थर आहे." त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या वेणूकडे बोट केलं. "त्यावर जंतू तग धरत नाहीत. या मावशींचा रॉड साधा. फरक तुमच्यासमोर आहे. असा नमुना शोधून सापडायचा नाही."

डॉक्टरांचा चेहरा खुलला होता. दमयंती छताकडे बघत पडली होती. पू हाडात शिरला होता. सकाळी पाय मांडीपासून काढायचं ठरलं होतं.

"डागदर," ती म्हणाली, "मना का नाय घातला तो चांदीवाला?"

"मुद्दाम नाही, मावशी. हा अभ्यास आहे. जी ऑपरेशनला आधी आत येईल तिला थराचा, मागून येईल तिला साधा. आपण आपल्या मनानं निवडायचं नसतं."

दमयंतीनं डोळे मिटले. त्या दिवशी स्ट्रेचर आधी तिच्याच खाटेशी आलं होतं. शेजारी वेणू गुरासारखी ओरडत होती. दमयंतीनंच वॉर्डबॉयचा हात धरला होता. म्हणाली होती, "तिला न्या आदी. मी काढीन दम."

तिनं मान वळवून वेणूकडे पाहिलं. वेणूनंही ऐकलं होतं. ती घाईघाईनं चादरीची घडी घालू लागली.

"वेणूताई, जरा चालून दाखवता?" डॉक्टर म्हणाले.

वेणू उठली. पदर खोचून, काठी न घेता दारापर्यंत गेली आणि परत आली. पोरापोरींनी टाळ्या वाजवल्या. एकानं मोबाइल वर धरून चित्रण केलं. वेणूसाठी आजवर कुणी टाळी वाजवली नव्हती. ती लाजली, मग हसली. दमयंतीच्या खाटेकडे पाठ करून तिनं पदर सारखा केला.

"डागदर," ती म्हणाली, "परत येकदा चालू?"