बदामी अंडी

टोपलीतली सगळी अंडी स्वयंपाकघराच्या फरशीवर फुटली होती आणि घड्याळजी त्यांच्याकडे बघत उभा होता. केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्यात लीलया धरणारे त्याचे हात. पण फडताळातली टोपली जरा बाजूला सरकवायला गेला आणि ती निसटलीच.

ही अंडी साधी नव्हती. सासूबाई गेल्या तेव्हा बायकोनं माहेरून एकच गोष्ट मागून आणली होती, आईची उघड्या मानेची कोंबडी. आईनं तो वाण आयुष्यभर जपला होता. गेल्या आठवड्यात त्या कोंबडीला मुंगसानं नेलं. मागे राहिली ती ही अंडी. आज ती मागच्या घरातल्या मावशींच्या खुडूक कोंबडीखाली उबवायला ठेवायची होती.

"एक तरी पिल्लू निघू दे," बायको सकाळीच म्हणाली होती. "आईचं एवढंच उरलंय माझ्याकडे."

ती बाजारातून यायच्या आत त्यानं फरशी पुसली, टरफलं लांबच्या कचराकुंडीत टाकली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून तेवढीच अंडी आणली. ती निघाली पांढरीफटक. फुटलेली तर बदामी होती. मग त्यानं चहाचं पाणी उकळून गार केलं आणि एकेक अंडं त्यात बुडवून फडक्यावर वाळवलं. रंग असा नामी जमला की तो स्वतःवरच खूश झाला. अंडं ते अंडं, कोंबडी बसली की पिल्लू निघतं, एवढंच त्याचं या विषयातलं ज्ञान. पिल्लाच्या मानेचं पुढचं पुढे बघता येईल, असं त्यानं मनाला समजावलं.

बायको आली आणि दारातच थबकली. "फरशी पुसलीत? आज सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा."

"चहा सांडला होता," तो म्हणाला. ते अगदीच खोटंही नव्हतं.

तिनं टोपलीतलं एक अंडं उचललं, जरा वेळ तळहातावर धरलं आणि म्हणाली, "चला."

मावशींचं काम बघत राहावं असं. त्यांची खुडूक कोंबडी माणसाला जवळ फिरकू देत नसे. मावशींचा हात मात्र पोटाखाली गेला तरी ती नुसती कुरकुरली. कोपऱ्यात राख, कोरडा पेंढा आणि त्यात हातानं दाबून केलेला बेताचा खळगा. अंडी मध्येच राहतील, कडेला घरंगळणार नाहीत. एक अंडं त्यांनी नाकाशी नेलं, घड्याळजीकडे पाहिलं आणि ते खळग्यात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बायको मावसबहिणीला भेटायला म्हणून गेली. दिवेलागणीला परतली तेव्हा पार दमली होती. त्याच दिवशी कोपऱ्यावरच्या अंडेवाल्याशी बोलता बोलता घड्याळजीनं सहज विचारलं, "ही अंडी उबवली तर?"

अंडेवाला पोट धरून हसला. "साहेब, या कोंबड्यांनी जन्मात कोंबडा पाहिलेला नाही. वर्षभर उबवा. सडतील, पण पिल्लू नाही निघायचं."

तेव्हापासून घड्याळजीला जेवण गोड लागेना. रात्री डोळ्याला डोळा लागेना. खरं सांगून टाकावं म्हणून तो तोंड उघडी, तेवढ्यात बायको म्हणे, "आई असती तर रोज विचारलं असतं, कोंबडी बसलीय ना नीट?" आणि तो दुकानाच्या किल्ल्या उचलून निघे.

काही दिवसांनी मावशींनी दोघांना बोलावलं. दार-खिडक्या लावून त्यांनी एक अंडं बॅटरीच्या उजेडावर धरलं. आत तांबड्या रेषांचं जाळं पसरलं होतं आणि मधोमध एक ठिपका हलत होता, थांबत होता, पुन्हा हलत होता. आयुष्यभर बारीक हालचालींवर नजर ठेवलेला तो माणूस श्वास घ्यायचा विसरला. घड्याळाला किल्ली द्यावी लागते. याला कुणी दिली होती?

मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. मावशींनी गुपचूप अंडी बदलली होती. केवढं हे मन! त्यानं कृतज्ञतेनं त्यांच्याकडे पाहिलं. त्या बॅटरी बंद करत होत्या.

ज्या दिवशी टरफलं तडकली त्या दिवशी तो दुकान बंद ठेवून मावशींच्या अंगणात बसला. एकेक पिल्लू थकून, ओलं होऊन बाहेर येत होतं. मावशी कुणालाही हात लावू देत नव्हत्या. "ज्याचं त्यानं यायचं," एवढंच म्हणत होत्या. वाळल्यावर पिल्लं कापसासारखी फुलली, आणि माना मात्र उघड्याच्या उघड्या. बायको हसता हसता रडली. घड्याळजीलाही रडू आवरलं नाही, आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही.

बायको चहा टाकायला घरी गेली, तसा तो मावशींजवळ सरकला.

"मावशी, तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं ना?"

"चहाचा वास लपतो होय?"

"तरी तिला कळू दिलं नाहीत. उघड्या मानेची अंडी शोधून आणलीत. हे उपकार जन्मात फिटायचे नाहीत."

"या गुडघ्यांनी मी कुठे शोधायला जाऊ?" मावशी कण्या टाकत म्हणाल्या. "तिनं सांगू नका म्हटलं होतं, पण फुकटचं श्रेय मी कशाला घेऊ? अंडं हातात घेताच तिलाही कळलं होतं. दुसऱ्याच दिवशी ती माहेरी जाऊन आली. तिच्या आईनं तिथल्या शेजारणीला दिलेल्या कोंबडीची अंडी मांडीवर घेऊन आली. म्हणाली, 'मावशी, आई तर गेलीच. अंड्यांपायी ह्यांची झोप नको जायला.'"