धर्मबाप

कोचाबांबा शहराच्या डोंगरवस्तीत पाणी पोचवायच्या प्रकल्पाची योवाना प्रमुख होती, पण नावापुरती; माणसं सगळी आपापल्या खात्याच्या साहेबांचंच ऐकत. पंपांच्या मंजुरीसाठी खरेदीखात्यात खेटे घालून ती मेटाकुटीला आली होती.

"खरेदीखात्याच्या आन्सेल्मोसाहेबांना घरचं करून घे की गं," शेजारच्या टेबलावरच्या नेलीमावशी म्हणाल्या. "तुझ्या बाळाचा बाप्तिस्मा व्हायचाय ना अजून?"

"धर्मबाप माझा भाऊ होणारे, मावशी. झगासुद्धा शिवून आणलाय त्यानं."

"मग घाल खेटे."

रविवारी चर्चमध्ये, भावानं आणलेल्या झग्यात, बाळ आन्सेल्मोसाहेबांच्या हातात होतं. भाऊ मागच्या बाकावर मान खाली घालून बसला होता.

सोमवारी पंप मंजूर झाले.

"आता राहिले वीजखात्याचे साहेब," मावशी म्हणाल्या. "दुसरं बाळ कधी?"