घरची धूळ

“रणगाडा झकास, पण धूळ खोटी दिसते,” दिग्दर्शक म्हणाला. “सिनेमात हा युद्धानंतर माळावर तसाच टाकून दिलाय हो.” मी बनवलेलं हातभर लांबीचं ते मॉडेल परत घरी आणलं. रंगाची पावडर उधळून पाहिली, खडू किसून पाहिला, छे! मग टेबलापलीकडच्या खुर्चीकडे लक्ष गेलं. तिथे बसून बायको रणगाड्यांवर बारीक आकडे रंगवायची. “अहो, तुमच्या युद्धापायी घराचा उकिरडा झालाय,” म्हणत खुर्ची रोज पुसायची. ती गेली, तेव्हापासून खुर्चीला कुणाचा हात लागला नव्हता. मऊ ब्रशने तिथली धूळ गोळा केली आणि रणगाड्यावर भुरभुरली. “वा! आता पटतं, याच्याजवळ वर्षानुवर्षं कुणी फिरकलेलं नाही,” दिग्दर्शक खूश झाला. घरी परतलो. खुर्ची लख्ख दिसत होती. बायको चहा टाकायला नुकतीच उठल्यासारखी. “पास झाला गं!” मी आत ओरडून सांगितलं.