बापूजींनी पाहिलेला पिक्चर

पडद्यावरचा पहिला मालक मेला तेव्हा सभागृहात हशा पिकला. श्रीधर मात्र दुसऱ्या रांगेतल्या पांढऱ्या टोपीकडे बघत होता. टोपी हलत नव्हती.

टोपी बापूजींची होती. वय शहाऐंशी. वर्ध्यातलं हे सभागृह ज्या संस्थेचं, तिचे ते अध्यक्ष. अंगावर स्वतः कातलेल्या सुताचा सदरा. डास चावला तरी मारायचे नाहीत, फुंकर घालून उडवायचे. पोस्टातून निवृत्त झाल्यावर श्रीधरनं चित्रपट मंडळ काढलं, तेव्हा शनिवारची दुपार त्यांनीच फुकट देऊ केली होती. दोन वर्षांत स्वतः कधी फिरकले नव्हते. आले ते आजच.

चूक श्रीधरचीच होती. त्यानं फाटकाजवळच्या फळ्यावर लिहिलं होतं, ‘गुलामगिरीविरुद्ध एका माणसाचा लढा.’ बापूजींना वाटलं, सत्याग्रह असेल.

“लिहिताना जरा विचार करायचास,” त्याची बायको इला कुजबुजली.

“खोटं काय लिहिलं मी?”

“लढा कशानं, ते नाही लिहिलंस.”

पिक्चर अमेरिकेतला होता, पण बोलत होता हिंदीत. पळून आलेला एक गुलाम आणि एक म्हातारा फोटोग्राफर घोडागाडीतून गावोगाव हिंडत. मळ्यांचे मालक कोट घालून, मिश्या पिळून फोटोला उभे राहत. गुलाम काळ्या कापडाखाली डोकं घालून अदबीनं म्हणे, ‘साहेब, हलू नका.’ मग कॅमेऱ्यातून गोळी सुटे. एका मालकानं मरता मरता विचारलं, ‘फोटो चांगला आला ना?’ तेव्हा बँकेतले माणिकराव इतके हसले, की खुर्चीसकट कलले. पुढं रक्त फारच वाढलं तसा त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि नुसतं ऐकून हसत राहिले. इला बोटांच्या फटीतून बघत होती.

मधेच हसणं थांबे. एका बाईनं कापूस कमी वेचला म्हणून मुकादमानं तिचा हात दाराच्या चौकटीवर धरला आणि दांडक्यानं मोडला. कापूस वेचणं काय असतं, हे त्या सभागृहात कोणाला सांगायची गरज नव्हती.

कोकिळाबाई उठल्या. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, आवाज अजून तसाच होता. “श्रीधर, वर्ध्यात दाखवायचं हे?” जाता जाता त्या बापूजींपाशी थांबल्या. “चला बापूजी. तुमच्यानं पाहवणार नाही.”

बापूजींनी पडद्यावरची नजर काढली नाही. “तुम्ही व्हा पुढं, बाई.”

कोकिळाबाईंच्या मागोमाग आणखी चौघे गेले. श्रीधरनं मनातल्या मनात मंडळाला श्रद्धांजली वाहिली.

शेवटी तो मुकादमही फोटो काढून घ्यायला आला. नवी टोपी, चकचकीत बूट. ‘साहेब, हलू नका.’ या वेळी गोळ्या तीन सुटल्या. मुकादम चिखलात आडवा झाला आणि सारं सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मागून कोणीतरी शिट्टी मारली. श्रीधरचा हात लॅपटॉप बंद करायला पुढं गेला. इलानं त्याचं मनगट धरलं.

“आता बंद केलंस, तर हे लोकही शिव्या देतील.”

पिक्चर संपला. खिडक्यांचे पडदे सरकवले, दुपारचं ऊन आत आलं. लोक बापूजींच्या नजरेला नजर न देता भराभर चपला घालून निघून गेले. बापूजी बसूनच होते. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून तळव्यांकडे बघत होते.

श्रीधर समोर जाऊन उभा राहिला. “माझं चुकलं, बापूजी. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. सभागृहाची किल्ली आजच परत देतो.”

“तो मुकादम पडला,” बापूजी म्हणाले, “तवा तुम्ही समदे टाळ्या वाजवून राह्यले होते.”

“हो. लोक जरा वाहवले.”

“म्या बी वाजवली.”

इला शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली.

“दारूबंदीच्या कामात हिंगणघाटले एका दारूवाल्यानं माहा हात मोडला होता,” बापूजी सांगू लागले. “म्या तक्रार नाई केली. पुढं त्याच्या पोरीच्या लग्नाले गेलो, अक्षता टाकल्या. मास्तर लोक अजून ती गोष्ट शाळेत सांगतात. मी बी सांगतो.” त्यांनी रिकाम्या पडद्याकडे बोट केलं. “आज तो मुकादम पडला नाई. तो दारूवालाच पडला. मले साफ दिसला.”

इला हळूच म्हणाली, “बापूजी, तो नुसता पिक्चर होता.”

“पिक्चर तुमचा होता, पोरी. टाळी माही होती.”

खुर्चीच्या पाठीला धरून ते उठले. श्रीधरनं पुढं केलेली किल्ली त्यांनी परत त्याच्याच मुठीत दाबली.

“पुढल्या शनवारी हाच लावजो.”

“हाच? परत?”

“चाळीस वर्सं मी समजून होतो, का त्याले माफ केलं,” बापूजी म्हणाले. “पाहू, पुढल्या शनवारी तरी जमते का.”