गोठ्याकडची खोली

"साधनाला कुणी शिवू नका रं. ती बाजूला बसलीया," सगुणाबाईंनी ओसरीवर येऊन खणखणीत आवाजात सांगितलं.

रविवारची संध्याकाळ. ओसरीवर साधनाचा नवरा दयानंद, दीर आणि जेवायला बसलेले आठ भाडेकरू. हिंजवडीला नोकरी करणारी ती पोरं एकदम आमटीत डोळे घालून भुरके मारू लागली. साधनाचे कान तापले. तिची पाळी होऊन दहा दिवससुद्धा झाले नव्हते. पण एवढ्या पुरुषांदेखत हे बोलणार कसं?

"चार दिस गोठ्याकडच्या खोलीत ऱ्हायाचं," सासूबाईंनी बजावलं.

"आई, उद्यापासून माझी परीक्षा..."

"परीक्षेचा इषय संपला," दयानंद मध्येच म्हणाला. "ह्या चांदे गावात डबे करायला तत्त्वज्ञान लागत न्हाई."

प्राचीन भारतीय तत्त्वज्ञान, एम.ए.चं शेवटचं वर्ष. सोमवार ते गुरुवार, पुण्यात चार पेपर. पहिलं वर्ष माहेरी झालं होतं. यंदाची पुस्तकं दयानंदनं महिन्यापूर्वीच गोठ्याकडच्या खोलीत पेंडीच्या पोत्यांमागं फेकली होती. पहाटे गुपचूप निघायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. आता त्याच खोलीत ती, आणि दाराला बाहेरून कडी. म्हातारीनं बरोबर ताडलं होतं.

दिरानं कडी काढून ताट आत सरकवलं आणि आत न बघताच पुन्हा कडी घालून पळ काढला. साधना रडली, चरफडली. मग पोत्यांमागून एक पुस्तक ओढून वाचत बसली. सांख्यांचा पुरुष, म्हणजे आत्मा, असंग असतो, त्याला कशाचाच स्पर्श नाही. इथं तिलाही कुणी शिवत नव्हतं, पण सुटका कुठं होती? तिला हसू आलं आणि पाठोपाठ सासूचा भयंकर राग आला. शिकलीसवरली सून गुरांशेजारी कोंडली, तीही धादांत खोटं बोलून!

तांबडं फुटताना कडी निघाली. सगुणाबाईंनी आत येऊन सरळ तिचा दंड धरला.

"शिवलात की मला! विटाळ नाही होत?" साधना फणकारली.

"हळू बोल. ही भाकरी घे अन् मागच्या दारानं नीघ, साडेसहाची यष्टी गावंल. डबे मी बघते. दिवस मावळायच्या आत माघारी ये, उद्या पुन्हा जा. चार दिस ह्या खोलीत डोकवायची एकाबी बाप्याची छाती न्हाई."